सुरेखा, थर्मामीटर नीट नव्हतं

सुरेखा, बी.एस्सी.च्या शेवटच्या प्रॅक्टिकलला मी तुझ्या हातात जे थर्मामीटर दिलं ते बिघडलेलं होतं, आणि देताना ते मला माहीत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला तर नाहीच. तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही, आणि मी आता बोलतोय. म्हणजे ऐकणारी गेल्यावर तोंड उघडतोय. तुझ्या नवऱ्याला एवढंच जमायचं.

दशक्रियेला घोडनदीच्या घाटावर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागं सरकतोय तोवरच आला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "काय मागं ठिवलं न्हाई बघा बाईनं." तुझे वडील, आबा, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, सुखात ठिवली व्हती तुम्ही तिला. तिची कायबी इच्छा ऱ्हायली न्हाई." मी मान हलवली. पण उभ्या उभ्या मी मनात म्हणत होतो, येऊ नको रे बाबा, इतक्यात येऊ नको. तो आला नसता तर लोकांनी एकेक वचन द्यायला सुरुवात केली असती. पोरीला शिकवू म्हणा, तिचं चांगलं करू म्हणा. आणि कशानंच आला नसता तर कदाचित माझ्या तोंडून ते बाहेर पडलं असतं. पण तुझी काही तक्रारच नव्हती. तक्रार करायला तुला काही ठाऊकच नव्हतं.

तू माझी पार्टनर झालीस ती रोल नंबर शेजारी आले म्हणून. तू दौंडची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, शिरूरला मामाकडं राहून शिकणारी. मी तळेगाव ढमढेऱ्याहून भाजीच्या जीपमध्ये मागं बसून यायचो. अंगाला मेथीचा वास. पहिल्याच प्रॅक्टिकलला तू नाक वर करून विचारलंस, "ए, तू घरून येतोस का मंडईतून?" मला कधीच वेळेवर उत्तर सुचलेलं नाही, हे तुला पुढं चांगलंच कळलं.

मेल्टिंग पॉइंटच्या कॅपिलऱ्या तेव्हा आम्ही हातानं करायचो. साधी काचेची नळी बर्नरवर फिरवत लाल करायची, मऊ झाली की जाळाबाहेर काढून दोन्ही हातांनी ओढायची. मधे केसासारखी बारीक नळी तयार व्हायची. तिचे तुकडे पाडायचे, एकेकाचं एक टोक जाळात धरून बंद करायचं. तुझी नळी एका दमात निघायची, सुतासारखी सरळ. माझी कुठं जाड, कुठं बारीक, आणि टोक तर बंदच व्हायचं नाही. तापवायला घेतलं की तेल आत शिरून पावडर वर तरंगायची. तू वाकून बघायचीस. "ही कॅपिलरी आहे का पिपाणी? वाजवून बघ, एखादं गाणं निघंल." सगळी लॅब हसायची. मग तुझ्या कंपासपेटीतल्या तीन-चार काढून माझ्यापुढं ठेवायचीस. "धर. परत मागू नको." मी परत मागायचो. तू परत द्यायचीस.

परीक्षेच्या दिवशीही मी तुझ्याच कॅपिलऱ्या वापरल्या, सुरेखा.

आज मी मुलांना हेच शिकवतो. पावडर नळीत ठासून भरा, नळी थर्मामीटरच्या गोळीला चिकटवा, दोन्ही तेलात सोडा, हळू तापवा, आणि पावडर ज्या डिग्रीला वितळेल ती लिहा. प्रत्येक शुद्ध पदार्थाची डिग्री ठरलेली असते. त्यावरून तो ओळखायचा. सांगायला सोपं आहे. करताना वर्गातली सगळी मुलं एक लबाडी करायची, अजूनही करतात. आधी वासावरून, रंगावरून पदार्थाचा अंदाज बांधायचा, पुस्तकात त्याची डिग्री बघायची आणि तीच लिहून टाकायची. खरं वाटावं म्हणून अर्धी डिग्री इकडं-तिकडं. मीही तेच करायचो. तू मात्र पुस्तक मिटून ठेवायचीस.

"आबा म्हणतात, सिग्नल दिसला तोच सांगायचा, वाटला तो नाही."

आबा तेव्हा दौंडला रेल्वेच्या सिग्नल केबिनवर होते. मी म्हणालो, "अगं, रेल्वे कुठं, केमिस्ट्री कुठं!"

"तिकडं माणसं मरतात, इथं मार्क मरतात. एवढाच फरक."

परीक्षेला दोघांत एक थर्मामीटर होतं. ते वापरायची पहिली पाळी माझी आली. माझा मेल्टिंग पॉइंट बरोबर आला, तुझ्या कॅपिलरीमुळं आला. मग थर्मामीटर बाहेर काढून पुसताना ते माझ्या हातातून सटकलं आणि ओट्याच्या कडेवर आपटलं. फुटलं नाही. मी ते उजेडाला धरून पाहिलं. गोळीच्या जरा वर पारा तुटला होता. मधे बारीक फट, आणि वरचा पारा तेवढा वर सरकलेला. म्हणजे आता ते जे दाखवील ते खऱ्यापेक्षा जास्त असणार. हे मला तेव्हाही कळत होतं. त्यात न कळण्यासारखं काही नाही.

दुसरं थर्मामीटर मागायचं, एवढंच करायचं होतं. लॅब असिस्टंट ओरडला असता. परीक्षकांनी मलाही माझं रीडिंग नव्यानं घ्यायला लावलं असतं, आणि माझ्या बाकीच्या टेस्ट अजून व्हायच्या होत्या. ही कारणं मी स्वतःला इतकी वर्षं दिली. तू हात पुढं केलास आणि म्हणालीस, "नीट आहे ना रे?"

मी म्हणालो, "हो."

तू ते तेलाच्या नळीच्या तोंडावरच्या बुचात बसवलंस. फट तेलात बुडाली. तापेल तशी वर सरकून बुचामागं गेली असणार, म्हणून तुला ती दिसलीच नाही. नंतर वर्गात फळ्यावर आकृती काढताना मी हे कितीदा तरी मनात मांडून पाहिलंय. तुझी नजर चुकली नव्हती. तिथून ते दिसतच नव्हतं.

तुला बेंझॉइक अ‍ॅसिड आलं होतं. तुझ्या सगळ्या टेस्ट तेच सांगत होत्या. ते वितळतं एकशेबावीसला. तुझ्या समोर पावडर वितळली तेव्हा पारा एकशेबत्तीसच्या पुढं होता. तू घाबरली नाहीस. तेल गार होऊ दिलंस, नवी कॅपिलरी भरलीस, पुन्हा घेतलंस. पुन्हा तेच. त्या डिग्रीच्या जवळ दुसरं एक अ‍ॅसिड येतं, सिनॅमिक. पण त्यानं ब्रोमीनचा रंग घालवायला हवा, आणि तुझ्या नळीत रंग तसाच राहिला होता. तू माझ्याकडं झुकून हळूच विचारलंस, "तुझा बरोबर आला होता ना याच्यावर?"

"माझा बरोबर आला," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. माझा बरोबरच आला होता, आपटण्याच्या आधी. आयुष्यभर मी त्या एका वाक्याला धरून बसलो, की निदान ते तरी खोटं नव्हतं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आपल्या ब्रोमीनच्या नळीवर ठेवला नाहीस. सिग्नल दिसला तो लिहिलास. सिनॅमिक. आमच्यासारखी लबाडी केली असतीस, पुस्तकातली डिग्री लिहून मोकळी झाली असतीस, तर वाचली असतीस.

तोंडी परीक्षेला आपण दोघं एकदमच आत होतो. परीक्षकांनी तुला विचारलं, "ब्रोमीनची टेस्ट केली नाही?"

"केली सर. रंग गेला नाही."

"मग सिनॅमिक कसं?"

"थर्मामीटरवर तसं आलं सर."

"थर्मामीटरवर आलं, की तुम्ही नीट पाहिलं नाही?"

तू एकदा माझ्याकडं बघितलंस. मी टेबलाकडं बघत होतो. तू म्हणालीस, "मीच नीट पाहिलं नसेल, सर." ते काही रागीट गृहस्थ नव्हते. समजावल्यासारखं म्हणाले, "बाई, या विषयाला नजर पक्की लागते. प्रत्येकाला जमतं असं नाही." बाहेर आल्यावर तू रडली नाहीस. बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिलीस. तेवढ्यात मी ते थर्मामीटर लॅबच्या पेटीत सगळ्यांत खाली सारून आलो.

तुझा पहिला वर्ग हुकला. आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पहिला वर्ग आला तर पुण्याला एम.एस्सी.ला धाडतो, न्हाईतर बास झालं. बास झालं. त्याच वर्षी तुझ्या मामांनी आमच्या वडलांपाशी विषय काढला. मुलगा पाहण्यातला, एकाच वर्गातला, पुढं मास्तर होणारा. आणि मी नाचत हो म्हणालो.

इथं मला थांबावंसं वाटतं, पण थांबलो तर हे लिहिण्यात अर्थ नाही. तू पुण्याला जाणार, हे मला त्या परीक्षेच्या आधी माहीत होतं. तू गेलीस की मला पुन्हा दिसणार नाहीस, हेही माहीत होतं. थर्मामीटर तुझ्या हातात ठेवताना माझ्या मनात फक्त असिस्टंटची भीती होती, की दुसरंही काही होतं? मी शपथ घेऊन सांगू शकत नाही. इतकी वर्षं स्वतःला विचारतोय आणि दर वेळी उत्तर द्यायच्या आधी दुसरीकडं बघतोय. मुद्दाम केलं असं नाही. पण त्याचं फळ माझ्या ओंजळीत आलं, आणि मी ते घेतलं. प्रसादासारखं घेतलं.

तू चांगला संसार केलास. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. माझ्या अबोलपणाला तू कधी अबोला म्हटलं नाहीस. "ह्यांचं बोलणं आत चाललेलं असतं," असं आल्यागेल्याला सांगायचीस. माझ्या आईचं दुखणं तू काढलंस. मी वर्गावरून चिडून आलो की म्हणायचीस, "कुणाची पिपाणी झाली आज?" मी हसायचो. तुझ्यामुळं त्या घरात हसायचो. हे ऋण वेगळं आहे, आणि ते फेडायची माझी ऐपतही नाही. पण त्या दुसऱ्या गोष्टीनं हेसुद्धा नासवलंय. तुझी एकही चांगली आठवण मला सरळ काढता येत नाही.

तुला शिरूरच्या एका क्लासमध्ये शिकवायला बोलावलं होतं, आठवतं? तू ताबडतोब नाही म्हणालीस. "नको बाई, माझी नजर कच्ची आहे. पोरांचं नुकसान व्हायचं." ते लोक निघून गेले. मी चहाचे कप उचलून आत नेले. बास, तेवढंच केलं.

आणि दिवाळीतला तो पाक. रव्याच्या लाडवांचा पाक तू करायचीस, चिमटीत धरून तार ओढायचीस, आणि तार अशी एकसारखी निघायची, जशी एके काळी तुझी काच निघायची. तरी मला हाक मारायचीस. "अहो, जरा इकडं या. आला का बघा पाक." मला त्यातलं काय कळत होतं? मी बघायचो आणि म्हणायचो, आला. मग तुझा जीव भांड्यात पडायचा. दर वर्षी. ज्यानं तुझ्या नजरेवरचा तुझा भरवसा घालवला, त्यालाच तू आपली नजर करून घेतलंस. चुलीपाशी उभा राहून मला घाम यायचा, आणि तुला वाटायचं, जाळानं येतोय.

एकदा मात्र तू विचारलंस. ऋतुजा पोटात होती तेव्हा. भाजी निवडत बसली होतीस, मान खाली. "अहो, एक सांगा. त्या दिवशी थर्मामीटरच गंडलं असंल का हो? मी दोनदा घेतलं होतं. दोन्ही वेळा माझं चुकंल कसं?"

त्या वेळी सांगता आलं असतं. तू मला सोडून गेली नसतीस. चिडली असतीस, आठ दिवस बोलली नसतीस, आणि मग कदाचित पुढच्या वर्षी परीक्षेला पुन्हा बसली असतीस. मी काय केलं? आवाज चढवला. "किती दिवस तेच उगाळत बसणार आहेस? झालं गेलं. माझा त्याच्यावर बरोबर आला होता, सांगितलं ना तुला." तू म्हणालीस, "बरं बाई, राहिलं." आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीस. त्या लॅबमधला मी पोरगा होतो, घाबरलो होतो, असं तरी म्हणता येईल. या दिवशी मी पोरगा नव्हतो. ते भांडण तू अर्ध्यावर सोडलंस, आणि ते तसंच माझ्यापाशी राहिलंय. त्यात तुझी बाजू खरी होती.

मागच्या वर्षी तुला संध्याकाळी कणकण यायला लागली. तू घरातलं थर्मामीटर लावायचीस. ते आता आकड्याचं, बघायला नजर लागत नाही. तरी तू मला म्हणायचीस, "हे बिघडलंय वाटतं. रोज ताप दाखवतं." मी क्लास आटपून यायचो तोवर तू गोळी घेतलेली असायची, अंग गार असायचं. "तुम्ही बघा," म्हणायचीस. मी बघायचो. "नाहीये काही." मग तू आपलंच काहीतरी चुकलं असणार असं धरून चालायचीस. असे महिने गेले. गळ्याला गाठी लागल्या, तेव्हासुद्धा तू चाचपून म्हणालीस, "मलाच लागतायत का तुम्हालाही?" पुण्याच्या डॉक्टरांनी फाईल मिटताना विचारलं, "ताप कधीपासून होता?" तू खरं सांगितलंस. ते म्हणाले, "मग इतके दिवस आला का नाहीत?" तू म्हणालीस, "मला वाटलं, थर्मामीटर बिघडलंय."

मी तिथंच बसलो होतो.

आधी आणली असती तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. ते नाही म्हणाले तरी मी सुटत नाही, आणि हो म्हणाले तर काय करू? दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तू मला म्हणालीस, "तुम्ही होता म्हणून माझं निभलं. नाहीतर मला कुठं काय जमत होतं." तुझा हात माझ्या हातात होता. बोलायला तेवढं पुरेसं होतं. मी म्हणालो, "झोप आता."

ऋतुजा घरीच आहे अजून. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, तुला माहीतच आहे, तिनं हट्टानं केमिस्ट्री घेतली होती. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा ओट्यावर बसून म्हणाली, "बाबा, मी सोडतेय. प्रॅक्टिकलला माझे आकडे सगळ्यांपेक्षा वेगळे येतात. बाकीच्यांचे पुस्तकासारखे येतात, माझेच येत नाहीत."

मी विचारलं, "तू पुस्तकात बघून लिहीत नाहीस?"

"नाही. आईनं सांगितलं होतं, दिसलं तेच लिहायचं." मग हसली, अगदी तुझ्यासारखी, ओठ दाबून. "पण आईचा तरी कुठं पहिला वर्ग आला त्यानं? आमच्यात नाहीच ते, बाबा. रक्तातच कच्चं आहे."

आबा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "आसू दे गं बाय. तुझ्या आईलाबी मी लई हौसंनं शिकवली. पर न्हाई चाललं तिचं डोकं, तर न्हाई. मी काय तिला कवा बोललो का? सोडायचं तर सोड." तुझा बाप तुझ्या माघारी तुला माफ करत होता, सुरेखा. न केलेल्या चुकीबद्दल. आणि पोर मान डोलवत होती. दोघांच्या मधे मी बसलो होतो, आणि म्हणालो, "बघू."

पुढच्या आठवड्यात कॉलेजला कळवायचं आहे, राहते का सोडते ते. ती माझ्याकडं बघतेय. तुझ्याचसारखी, मी काय म्हणतो त्यावर ठरवणार आहे. रोज जेवताना घास हातात धरून मी सुरुवात करतो, आणि "मीठ दे" म्हणतो.

हे लिहायला घेतलं तेव्हा मनात एक पळवाट होती. कुठं छापून आलं तर आबा वाचतील, ऋतुजा वाचेल, आणि मला तोंडानं सांगावं लागणार नाही. लिहिता लिहिता ते लक्षात आलं. म्हणून त्या दोघांना सांगून होईपर्यंत हे कागद घराबाहेर जाणार नाहीत.

तुझं उत्तर बेंझॉइकच होतं. तुझी नजर बरोबर होती आणि मी खोटं बोललो. हे मला ऋतुजासमोर बसून तिला सांगायचं आहे, आणि दौंडला जाऊन आबांना. एवढं तुझं माझ्याकडं राहिलंय. आज हे लिहून संपवेपर्यंत मी त्यातलं काहीही केलेलं नाही.